गाडी नाकारणारे आतोबा

आमच्या आतोबांइतका श्रीमंतीवर डूख धरून बसलेला माणूस त्या काळी अख्ख्या बहारीनमध्ये सापडला नसता. तरुणपणी ते इंग्लंडला शिकायला गेले आणि एका क्वेकर म्हातारीच्या घरी राहिले. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. प्रार्थनेला नुसते गप्प बसायचे, कुठल्याही साहेबापुढे टोपी काढायची नाही आणि आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त असेल तर ते दुसऱ्या कुणाचे तरी आहे असे समजायचे. आतोबांनी ख्रिस्ताला तिथेच ठेवले आणि बाकीचे सगळे बॅगेत भरून आणले. गणपतीची आरती झाली की ते सगळ्यांना गप्प बसवत आणि मंडळी मोदकांकडे बघत तळमळत राहत. आत्याने नव्या बांगड्यांचा विषय काढला की विचारत, "जुन्यांना करमत नाही का?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने त्यांना चीफ इंजिनिअर केले आणि लांबलचक एसी गाडी दिली. आतोबांनी किल्ली परत केली आणि सलमाबादच्या कॅम्पमधून कामगारांना नेणाऱ्या बसने जाऊ लागले. त्या बसला एसी सोडाच, खिडक्यासुद्धा धड उघडत नसत. आत्याला मैत्रिणींत तोंड दाखवायची चोरी झाली. डायरेक्टर दादरचाच होता. त्याने आतोबांना बोलावून घेतले.

"अहो, कंपनीची शोभा होते. गाडी घ्या, नाहीतर व्हिसा रिन्यू होणार नाही."

"गाडी विका आणि बसला एसी बसवा," एवढेच बोलून आतोबा समोर गप्प बसले. डायरेक्टर ओरडला, समजावून झाले, चहा मागवून झाला. आतोबा जागचे हलेनात. शेवटी "खलास!" म्हणत त्याने दोन सह्या केल्या, एक बसच्या एसीसाठी आणि दुसरी आतोबांना कायमचे भारतात परत पाठवण्यासाठी. आत्या दोन दिवस रडली. आतोबांना वेडे म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो, आजही भांडतो.

जायच्या दिवशी मी टॅक्सी आणली, तर दारात तीच बस उभी. आत कामगार बसलेले.

"साहेब, एसी पुढच्या हप्त्यात येतोय, इंशाल्ला," रत्नागिरीचा रफिक ड्रायव्हर ओशाळून म्हणाला.

"मग आज खिडकी उघडू या," आतोबा म्हणाले.

आत्या रेशमी साडीत खाली आली. तिने टॅक्सीकडे पाहिले, बसकडे पाहिले. "अरे, टॅक्सी परत पाठव," ती मला म्हणाली आणि पदर खोचून बसमध्ये चढली. वाटेत आत्याने पदराने आतोबांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि तीही त्यांच्यासारखी गप्प बसून राहिली. विमानतळ आला तरी तिला उतरायची घाई नव्हती.