आप्पांनी सही न केलेला जबाब

त्या दुपारचा प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले; त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ते मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ध्यानात राहिले आहे.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी शिरूर ठाण्यात जमादार होतो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले, तरी जबाब लिहावा तर जमादारांनीच, असे आमचे साहेब चारचौघांत म्हणत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. मुदतीआधी निवृत्ती घेऊन आज तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहितो, तेही त्याच हाताच्या भरवशावर.

त्या काळात आसपास कारखाने आले आणि नगर रस्त्याच्या कडेला नवी वसाहत उभी राहिली. जमिनीचा पैसा हाती आलेल्यांनी बंगले बांधले, मागच्या अंगाला ओळीने खोल्या काढल्या आणि दारांवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागल्या. त्या उन्हाळ्यात तिथे लागोपाठ घरफोड्या झाल्या. आम्ही घरोघर सांगून ठेवले, अनोळखी माणूस दिसला की कळवा. गस्तीच्या शिपायापेक्षा ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या बाईला अधिक दिसते, हा माझा पक्का अनुभव आहे.

खबर ओट्यावरूनच आली. ती घेऊन ठाण्यात आले ते आप्पा. वसाहतीतले वजनदार गृहस्थ. वडिलांची मेंढरं होती, आप्पांनी शेती केली, आता बंगला. माणूस दानतीचा, ठाण्यातल्या पोरांना दरवर्षी हुरड्याला बोलवायचे. ते सांगू लागले, “जमादार, परवा एक पोरगं खोली बघाया आलं. चांगलं बोललं, चहा पाजला, खोली द्यायचं कबूल केलं. आन् आज तेच पोरगं समोरच्या घरी दुसरंच आडनाव सांगत व्हतं. आमची मंडळी ओट्यावर बसल्याली, तिनं कानानं ऐकलं.”

आम्ही एसटी स्टँड गाठले. दौंडच्या गाडीच्या रांगेत आप्पांनी सांगितलेल्या वर्णनाचा मुलगा उभा होता. संशयावरून ताब्यात घेतले आणि ठाणे दैनंदिनीत तशी नोंद केली.

चौकशी मी केली. चोर पहिल्या प्रश्नाला जास्त बोलतो आणि दुसऱ्याला अडखळतो. हा पहिल्यापासून मोजकेच बोलला. दौंडचा राहणारा, बाप रेल्वेत गँगमन, स्वतः पुण्यात एम. ए.ला. मी म्हणालो, “आडनावं दोन कशी? खरं कुठलं?”

“दुसरं खरं, साहेब. पहिलं मित्राचं.”

“मग पहिल्या घरी खरं का नाही सांगितलंस?”

“खरं सांगितलं की खोली भरलेली असते,” तो म्हणाला.

मग त्याने उलगडून सांगितले. कॉलेजसाठी त्याला एक शोधनिबंध लिहायचा होता. कारखान्यात कामाला आलेल्यांपैकी कोणाला खोली मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा विषय. तो आणि त्याचा एक मित्र एकाच दारात वेगवेगळे जात. कपडे सारखे, बोलणे सारखे, सांगायचा पगारही सारखा. फरक फक्त आडनावाचा. मित्राचे आडनाव असे की तालुक्यातल्या निम्म्या दारांवर दिसेल. याचे ऐकले की बौद्ध वस्तीतला, हे लगेच कळे. त्या आठवड्यात मित्र तापाने पडला, म्हणून याने दोघांचे काम एकट्याने करायचे ठरवले. पहिल्या दिवशी मित्राचे आडनाव घेऊन आप्पांच्या घरी गेला; त्याच दारात पुन्हा जाता येईना, म्हणून दोन दिवसांनी आपले घेऊन समोरच्या घरी. पुण्याच्या फ्लॅटच्या गल्लीत हे खपून गेले असते. शिरूरच्या वसाहतीत, जिथे समोरच्याच्या घरी पाहुणा कुठल्या गावचा आला हे संध्याकाळच्या आत कळते, तिथे ते खपणे शक्यच नव्हते.

साहेबांना हे पटले नाही. घरफोड्यांबाबत वरून रोज विचारणा होत होती. तोतयेगिरी करून फसवणूक, या कलमाखाली आप्पांची फिर्याद घ्या, बाकीचे तपासात निघेल, असे सांगून ते बंदोबस्ताला निघून गेले.

तोवर निरोप मिळून मुलाचा बाप दौंडहून आला होता. डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. मुलगा रेल्वेच्या परीक्षेत पास झाला होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद दौंड ठाण्यात येऊन पडला होता. नावावर गुन्हा नोंदला गेला की नोकरी गेली, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. त्याने विनवणी केली नाही. एवढेच म्हणाला, “मीच सांगितलं व्हतं त्याला, भाड्याचं इचाराया गेला तर आडनाव हळू सांगत जा म्हणून. आमचं क्वार्टरवर निभावलं, साहेब. ते सरकारनं दिलं, कुणापाशी मागावं लागलं न्हाई.”

मी आप्पांना समोर बसवले आणि फिर्यादी जबाब लिहायला घेतला. नाव, वय, धंदा, राहणार. मुलगा केव्हा आला, काय बोलला, चहा, खोली. आप्पा सांगत होते, मी लिहीत होतो. आता फसवणुकीचा मुद्दा आला. नुसते खोटे नाव सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे. त्या खोट्यामुळे फिर्यादीने असे काही करायला हवे, जे खरे कळले असते तर त्याने केले नसते. ही ओळ जबाबात नसेल तर कलम उभे राहत नाही. म्हणून मी विचारले, “आप्पा, त्यानं खरं आडनाव सांगितलं असतं तर तुम्ही खोली दिली असती का?”

आप्पा म्हणाले, “त्येचा काय संबंध?”

“संबंध त्याचाच आहे. दिली असती म्हणालात तर तुमची फसवणूक झालेली नाही. नसती दिली म्हणालात तर मी तसंच लिहितो, का नसती दिली तेही लिहितो, आणि खाली तुमची सही.”

मुलगा आणि त्याचा बाप समोरच्या बाकावर होते. आप्पांनी एकदा तिकडे पाहिले.

“माझं काय न्हाई, जमादार. पर घरात देव्हारा हाय. शेजारपाजार...”

“मग लिहू का? देव्हारा आहे म्हणून दिली नसती?”

आप्पांनी उपरणे मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग आवाज उतरवून विचारले, “हे कोर्टात वाचत्यात का?”

“वाचतात. मोठ्यानं.”

मी लेखणी टेकवून थांबलो. कोणावर दडपण आणले नाही, सल्ला दिला नाही. उत्तर आले असते तर ते जसेच्या तसे लिहिले असते आणि पुढची कारवाईही केली असती. उपरणे खांद्यावर टाकत आप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. माझी काय तक्रार न्हाई.”

फिर्याद झाली नाही. मुलाला समज देऊन सोडल्याची नोंद केली. साहेब परतल्यावर रागावले, पण सहीशिवाय त्यांनाही काही करता येईना. घरफोड्या करणारे पुढे निराळेच निघाले, आणि दौंडहून पडताळणीचा कागद स्वच्छ गेला.

मात्र ठाण्यातून बाहेर पडताना एक गोष्ट घडली. मुलगा आप्पांसमोर थांबला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “आप्पा, खोली अजून आहे का? मित्राला नको. मला पाहिजे.”

आप्पांनी त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “कालच दिली.”

‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे पावसाळाभर आप्पांच्या दारावर होती. मी येता-जाता पाहत असे.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की काही माणसे जन्मभर जे करत आली, ते स्वतःच्या सहीने सांगायची पाळी आली की थांबतात. आणि सही टळली की पुन्हा तेच करतात. कायदा त्यांना सहीपर्यंत नेऊ शकतो. त्यापुढची कलमे माझ्या पाहण्यात नाहीत.

आता अर्ज लिहून घ्यायला कोणी येतो, आणि पूर्ण नाव विचारल्यावर आडनावापाशी त्याचा आवाज खाली जातो. तेव्हा मी लिहायचे थांबतो. पुन्हा सांगा म्हणतो, नीट ऐकू येईल असे. मग ते जसेच्या तसे, टपोऱ्या अक्षरांत, कागदाच्या पहिल्या ओळीत लिहितो.