मावशींची लातूरची खोली

मावशी इतक्या हळू बोलायच्या की भाजीवाला वैतागून ओट्यावर चढून ऐकायचा. गणेशचा अभ्यास मोडू नये म्हणून लागलेली सवय ती. लोह्याकडच्या गावातलं घर, शेत, नवरा मागे ठेवून त्या लेकाच्या डॉक्टरकीसाठी लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत एका खोलीत येऊन राहिल्या होत्या. आता तिथे दुसरेच मायलेक राहतात. मी त्या गल्लीतून जायचं टाळतो.

शेजारच्या खोलीत मी असायचो, त्याच डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटलेला. मावशी माझ्यासाठी एक भाकरी जास्त थापायच्या आणि वर ऐकवायच्या, "खा रे सतीशा. नापास झालास म्हणून भूक लागायची ऱ्हाती का?"

गणेशचा नंबर इथे लागला नाही, म्हणून तो परदेशात शिकायला गेला. तरी मावशींनी खोली सोडली नाही. त्याच्या पासपोर्टवर इथलाच पत्ता होता ना! नवरा न्यायला आला की त्यालाच जेवू घालून परत लावून द्यायच्या. "मी गेले तर पोरगं कुठं यील?" म्हणायच्या.

मग तिकडे लढाई पेटली. सोबतची पोरं परतली, गणेश नाही. आईला त्यानं सांगितलं, दवाखान्यात ड्युटी आहे. मला मात्र खरं सांगितलं: आपण होऊन तिकडच्या फौजेत नाव घातलंय, आईला सांगू नकोस. मी शहाणा गप्प बसलो! मावशी विचारायच्या, "का सोडंनात रं त्याला?" मी म्हणायचो, "कागदं अडकलीत, मावशी." त्या थापेची मला अजून लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात एक हवालदार कागद घेऊन दारात आला. पासपोर्टच्या चौकशीलाही असाच एक आला होता, म्हणून मावशींना वाटलं, सुटली कागदं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा टाकला आणि सांगत सुटल्या, "पोरगं लई चांगलं हाय, साहेब. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. तसंच लिवा, अन् येऊ द्या आता त्याला." हवालदारानं खाली मान घालून चहा संपवला, कागद माझ्या हातात दिला आणि निघून गेला.

सांगावं मलाच लागलं. गणेश लढाईत मारला गेला, आणि कागदं कधी अडकलीच नव्हती, हेही.

वाटलं, आता माझी गचांडी धरतील. धरायला हवी होती. पण मावशी उठल्या आणि अनवाणीच गल्लीत धावल्या. मी आडवा आलो तर मला ढकलून म्हणाल्या, "सोड रे! सुतकाच्या घरचा चहा पाजला की मी त्या माणसाला!"