खांद्यावरून दिसणारी बोट

ड्रॉवर आवरताना बाबांचा जुना फोन सापडला. चार्ज केला, तर परदेशातल्या कालव्याचा तो व्हिडिओ निघाला. मी सहा वर्षांची होते. सकाळी टेकडी चढताना रडायला लागले, तेव्हा बाबा म्हणाले होते, "कालव्यावर बोट आली की तुला खांद्यावर घेतो." बोट आली, बोटींना वरच्या पातळीला नेण्यासाठी कालव्यात बसवलेल्या दोन लाकडी दरवाज्यांच्या मध्ये थांबली, मधे पाणी भरलं तशी वर चढू लागली. माझ्यापुढे नुसत्या मोठ्या माणसांच्या पाठी आणि ओल्या लाकडाचा वास. "बाबा, अप!" मी हात वर केले. "थांब गं, आजीला पाठवायचंय." व्हिडिओत बाबा पुण्याच्या आजीशीच बोलतायत, "आई, बघ, पाणी कसं भरतंय." शेवटी कॅमेरा जरासा खाली झुकतो. दरवाजे उघडलेत, लोक टाळ्या वाजवतायत, आणि कोपऱ्यात माझे दोन्ही हात अजून वरच आहेत.