रुमालावरचा रुपया

मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बाबा ग्वाल्हेरच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते. गाडी संस्थानची, नोकर संस्थानचे, आणि शहराच्या लष्कर नावाच्या भागातली आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यानपिढ्या दरबाराच्या अन्नावर वाढलेली. मग संस्थान विलीन झालं आणि गाडी दिल्लीच्या सरकारकडे गेली. डब्यांवरची अक्षरं खरवडून नवी रंगवली. माणसांचं काय करायचं, ते ठरवायला बाहेरून एक साहेब आले. कोण गार्ड राहणार आणि कोण मालधक्क्यावर जाणार, हे त्यांच्या हातात होतं.

त्या सकाळी बाबांनी पगडी बांधली आणि खिशात धुतलेला रुमाल व चांदीचा रुपया ठेवला. नव्या हाकिमाला, म्हणजे वरच्या साहेबाला, पहिल्यांदा भेटताना नजर करायची, ही आमच्याकडची रीत. घडी घातलेल्या रुमालावर रुपया ठेवून दोन्ही हात पुढे करायचे. हाकीम त्याला नुसतं बोट लावतो आणि रुपया आपल्याकडेच राहतो. यात देणंघेणं काही नसतं, असतो तो फक्त मान.

रांगेत बाबा पहिले होते. त्यांनी वाकून हात पुढे केले तसा साहेब भडकला. "ये क्या है? सबके सामने घूस दे रहे हो?"

अरे, डोक्यावर पगडी घालून, सगळ्यांच्या देखत, वाकून कोणी लाच देतं का? एवढी साधी अक्कल नको? पण त्याचं एक वेळ सोडा, तो परका होता. बाबांच्या मागे उभे असलेले तर आमचेच होते. प्रत्येकाच्या हातात तसाच रुमाल होता आणि तो बघता बघता खिशात गेला. अशी रीत आहे का, असं साहेबानं विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, हुजूर, आम्हाला काही ठाऊक नाही.

बाबांना कामावरून घरी बसवलं. चौकशी लागली. लाच ठरली असती तर नोकरी गेली असती आणि क्वार्टरही. बाबा त्या लोकांच्या घरोघर फिरले. ही आपली रीत आहे, एवढंच एकानं तरी सांगावं, म्हणून. एक म्हणाला, "आपकी बात सही है, पण मलाही घर आहे हो." दुसरा बाहेरच आला नाही, बायको म्हणाली, पूजेला बसलेत. भर दुपारी कसली मेली पूजा?

शेवटी ऑफिसातल्या बाबूनं सुचवलं, गुन्हा कबूल करा, माफी मागा, साहेब सोडून देतील. बाबांनी लिहून दिलं की मी लाच देत होतो. ज्यांनी जन्मात कुणाचा फुकट चहा घेतला नाही, त्यांनी हे लिहिलं. गार्डाची जागा राहिली.

संध्याकाळी तीच मंडळी सराफा बाजारातल्या हलवायाकडून पेढे घेऊन आली. हसत होती. "चला, निभावलं," म्हणाली. मी पुडा उचलला आणि दाराबाहेर भिरकावणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. "पाहुणे आहेत," म्हणाले. त्यांनी पुड्याची दोरी सोडली, सगळ्यांना पेढा दिला आणि त्यांच्यासमोर स्वतःही खाल्ला.

त्या लोकांना मी कधी माफ केलं नाही. त्या पेढ्यासाठी बाबांनाही नाही.