अकराची भेट

काचवाल्याचं लग्न मोडलं तेव्हा त्याने घरासाठी वाद घातला नाही, सामानासाठीही नाही. कपाटं, पलंग, त्याने स्वतः बसवलेली बाल्कनीची सरकती काच, सगळं बायकोकडे राहिलं. त्याला फक्त मुलगी भेटायला हवी होती. न्यायाधीशांनी आठवड्याला एक तास दिला, तोही भेट केंद्रात, तिथल्या मॅडमच्या नजरेसमोर.

मुलगी सात वर्षांची. घरात तिला ठकी म्हणायचे, कारण लहानपणी कुणी उचललं की ती लाकडी बाहुलीसारखी ताठ व्हायची. तिची आई हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. काचवाला दुकानांच्या, घरांच्या खिडक्यांना काचा बसवायचा. काच उचलताना माणूस श्वास रोखून धरतो ना, तसा हा एरवीही श्वास रोखूनच जगतो, असं त्याची ताई म्हणायची. ठकी तीन वर्षांची असताना तो समुद्रापलीकडच्या देशात एका मोठ्या हॉटेलच्या कामाला गेला. काही महिन्यांचं म्हणून गेलेला, काम लांबत गेलं. परत आला तेव्हा त्याच्यावाचून घर चालवायची सवय सगळ्यांना झालेली होती. त्यानंतर जे झालं ते दोघांनाही थांबवता आलं नाही.

आता तो ताईच्या मागच्या खोलीत राहत होता. ताई विमा कंपनीत कामाला. जीभ तिखट, पण भावाच्या डब्यात पोळी जास्तीची.

सुरुवातीला केंद्रातून फोन यायचा. शनिवारी अमुक वाजता या. ठकी यायची, दोघं बुटक्या खुर्च्यांवर बसून चित्रं रंगवायची. ती बोलायची आणि हा ऐकायचा. शाळेत कोण कुणाशी कट्टी, आजी कशी घोरते, मांजरीला पिल्लं झाली ती कुणाला दिली. तास संपला की ती म्हणायची, "बाबा, अजून सांगायचं राहिलंय." तो म्हणायचा, "पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू कर."

मग केंद्राने नवी पद्धत आणली. खोली एक आणि भेटणारे बरेच, म्हणून वेळ दर आठवड्याला बदलायची. फोन करत बसण्यापेक्षा मेलवर आमंत्रण पाठवायचं, ते आपोआप फोनच्या कॅलेंडरमध्ये बसतं. मॅडम म्हणाल्या, "आता चुकायचा प्रश्नच नाही."

पहिल्याच शनिवारी चुकलं.

कॅलेंडरमध्ये बारा दिसत होते. तो बाराच्या ठोक्याला पोचला. खोलीत दुसरंच कुटुंब होतं.

"तुमची वेळ अकराची होती," मॅडम म्हणाल्या. "मुलगी तासभर बसून गेली."

"मॅडम, माझ्या फोनात बारा आहेत. हे बघा."

त्यांनी फोन पाहिला, मग आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. तिथे अकरा होते. "तुमच्या हातून बदललं गेलं असेल."

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग मला कसं कळणार?" असं म्हणून त्यांनी नोंद केली.

घरी ताईने फोन हातात घेतला. कामाची बाकी सगळी टिपणं बरोबर होती. गिऱ्हाइकांकडे जायच्या वेळा त्याने स्वतः टाकलेल्या, त्यात एक मिनिटाचा फरक नाही. घड्याळही बरोबर. ताई म्हणाली, "मेलचं खातंच बिघडलेलं दिसतंय. काढून टाक आणि परत घाल. आमच्या ऑफिसात काही अडलं की हेच करतात."

त्याने तसं केलं. सगळं परत आलं, आणि पुढच्या शनिवारची भेट एकाखाली एक अशी दोनदा आली. दोन कामांच्या मध्ये, गाडीत बसल्या बसल्या, त्याने त्यातली एक पुसली. पडद्यावर काहीतरी विचारणा आली. त्याने 'हो' दाबलं.

या खेपेला त्याने कॅलेंडरवर विसंबायचंच नाही असं ठरवलं. केंद्राचं दार उघडायच्या आधीपासून तो जिन्यापाशी उभा राहिला. एकेक मूल येत होतं, जात होतं. पायऱ्यांवर पावलं वाजली की तो सरळ व्हायचा, आणि दुसऱ्याच कुणाचं पोर वर यायचं. शेवटी मॅडम बाहेर आल्या.

"तुम्ही आज इथे कसे?"

"भेटायला आलोय."

"पण तुम्ही तर येत नाही म्हणून कळवलंत. आम्ही लगेच आईला फोन केला. मुलीला आणलंच नाही तिने."

"मी? मी कधी कळवलं?"

त्यांनी दाखवलं. त्याच्याच नावाने उत्तर आलेलं होतं. येणार नाही. दोनातली एक भेट पुसताना त्याने ते 'हो' दाबलं होतं, आणि फोनने त्याच्या वतीने नकार पाठवून दिला होता. दोन दिसत असल्या तरी भेट एकच होती.

आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस त्या दिवशी ओरडला. "मी पहाटेपासून इथे उभाय आणि तुम्ही मला सांगता मी येणार नाही?" त्याचा हात खोलीच्या काचेवर आपटला. काचेला काही झालं नाही, पण आतलं एक पोर घाबरून रडायला लागलं. मॅडमनी शांतपणे त्याला खाली जायला सांगितलं. पुढच्या भेटी थांबवल्या आहेत, लेखी खुलासा द्या, असं त्या दारातून म्हणाल्या.

खुलासा त्याने त्याच दिवशी मेलने धाडला. उत्तर नाही. पुन्हा धाडला. उत्तर नाही. केंद्राला फोन लावला की यंत्रातली बाई गोड आवाजात सांगायची, कृपया मेल करा. तो शिडीवर चढला तरी खिशातला फोन काढून बघायचा. सिग्नलला बघायचा. जेवताना ताटाशेजारी ठेवायचा, पालथा नाही, उताणा. एका दुकानात दर्शनी भागाची मोठी काच लावताना खिशात काहीतरी थरथरलं, त्याचं लक्ष गेलं आणि काच निसटली. कुणाला लागलं नाही, त्याचा तळवा तेवढा फाटला. रुमाल गुंडाळून त्याने आधी फोन पाहिला. बुटांच्या सवलतीची जाहिरात होती.

रिकाम्या वेळेत त्याचं डोकं भलतीकडे धावायला लागलं. बायकोनेच फोनात काहीतरी केलं असेल. तिला परवलीचा शब्द माहीत होता. त्याने तो बदलला. मग वाटलं, छे, ती तसली नाही. आणि मग त्याहून वाईट विचार आला.

"ताई," एका संध्याकाळी तो म्हणाला, "मीच तर करत नसेन ना हे?"

"म्हणजे?"

"ती म्हणायची, तू मनाने कधीच इथे नसतोस. न जायची निमित्तं शोधतोस. मला आठवतच नाही, मी बारा स्वतः टाकले की काय ते. दाबलं तर मीच ना 'हो'?"

"डोकं फिरलंय तुझं," ताई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा टाकून ती स्वतः केंद्रात गेली.

मॅडमनी तिला बसवून घेतलं. "आम्ही दोन वेळा लिहिलं त्यांना. दोन्ही मेल परत आले. पेटी भरलेली आहे म्हणून."

ती घरी आली ती तरातरा मागच्या खोलीत. "अरे बाबा, तुझी मेलची पेटी तुडुंब भरलीये! तुझं जातंय, त्यांचं येत नाही. बुटांची जाहिरात आली ती शेवटची असणार. सगळं निवड आणि उडवून टाक."

"सगळं नाही उडवता येणार."

"का?"

"त्यात ती आहे."

गिऱ्हाइकं तुटलेल्या खिडक्यांचे फोटो पाठवायची, त्यांनी पेटी भरली होती. पण त्याच पेटीत तो परदेशात असताना बायकोने पाठवलेले ठकीचे व्हिडिओ होते. कुठल्या मेलमध्ये काय आहे ते कशावरच लिहिलेलं नव्हतं. मग रविवारी दिवसभर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि एकेक उघडून बघायला लागली. तडकलेली काच, पुसा. फुटलेलं तावदान, पुसा. दाराची काच, पुसा. आणि मध्येच ठकी, तोंडाला पिठाचा पांढरा टिळा, कॅमेऱ्यात नाक खुपसून विचारतेय, "बाबा, तू ह्याच्यात कुठे आहेस?" त्याने तो पुन्हा लावला नाही. बाजूला ठेवला आणि पुढचं उघडलं. ताई उठून चहा टाकायला गेली आणि बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

पेटीत जागा झाल्यावर केंद्राचं पत्र आलं. खुलाशासाठी समक्ष यायची मुदत संपली होती. आमच्या दोन्ही पत्रांना आपल्याकडून प्रतिसाद आला नाही, सबब अहवाल न्यायालयाकडे पाठवला आहे.

त्याने ते वाचलं आणि फोन ताईकडे सरकवला. रागावला नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसला. ताईला त्याची तेव्हा खरी भीती वाटली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने स्वतःचा फोन काढला.

"मी तुला एक आमंत्रण पाठवते. केंद्रासारखंच. उद्या दुपारी एक वाजता, ताईबरोबर जेवण."

"कशाला आता?"

"बघू दे तर मला."

टिंग वाजलं. तिने त्याचा फोन उचलला. उद्या दुपारी दोन वाजता, ताईबरोबर जेवण.

"ए," ती म्हणाली. "हे बघ. मी एक लिहिलंय. तुझ्याकडे दोन आहेत."

तो उठून आला. दोघांनी मिळून कॅलेंडरची सेटिंग एकेक करून उघडली. कुठल्या देशाची वेळ धरायची, अशी तिथे एक ओळ होती. फोनप्रमाणे असं तिथे असायला हवं होतं. त्याऐवजी त्या समुद्रापलीकडच्या शहराचं नाव होतं. तिकडे घड्याळ एक तास पुढे.

त्याला हळूहळू आठवलं. तिकडे असताना पाळीच्या वेळा गोंधळायच्या म्हणून मुकादमाने सगळ्यांच्या कॅलेंडरला तिथलीच वेळ पक्की करून दिली होती. इथे परतल्यावर फोनचं घड्याळ आपोआप बदललं, कॅलेंडर तिथेच राहिलं. त्याने स्वतः टाकलेल्या वेळा बरोबर दिसायच्या, कारण आकडा त्याचाच, टाकलाही त्याच कॅलेंडरात आणि वाचलाही त्यातच. दुसऱ्याने पाठवलेली प्रत्येक वेळ मात्र एक तास पुढे सरकून दिसायची. आणि मेलवर आमंत्रण पाठवणारं त्याला आजवर दुसरं कुणी नव्हतंच.

चूक सापडल्याचा आनंद झाला नाही. तो एवढंच म्हणाला, "मी नव्हतं केलं."

"नव्हतंस केलं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. एक्स-रे विभागाच्या बाहेर बाकावर रुग्णांबरोबर बसला. बायको बाहेर आली, त्याच्या हाताच्या पट्टीकडे पाहून थबकली.

"फोटो काढायचाय?"

"नाही. तुझ्याशी बोलायचंय."

त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. कॅलेंडर, परदेशातली वेळ, दोनदा दिसलेली भेट, भरलेली पेटी. ती हाताची घडी घालून ऐकत होती.

"त्या पहिल्या शनिवारी ती सँडल घालूनच बसली होती," ती म्हणाली. "काढ म्हटलं तर म्हणाली, बाबा आले की काढीन. एक तास. आणि तू मला फोनचं सांगतोयस."

"खरं आहे ते."

"असेल. मी खोटं म्हणत नाही." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "पण हे मला पटून काय उपयोग? तिला कसं सांगणार आहेस?"

आतून तिला हाक आली. जाता जाता ती म्हणाली, "कोर्टात मी तुझ्या विरोधात बोलणार नाही. बाजूनेही बोलणार नाही."

ती बोलल्याप्रमाणे वागली. तारीख पडायला उन्हाळा उलटला. तोवर भेट नाही, फोन नाही. न्यायाधीशांनी ताईने काढलेले पडद्याचे फोटो पाहिले, काचेवर आपटलेल्या हाताचीही नोंद वाचली. पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास, असा हुकूम झाला. वेळ फोनवरून तोंडी कळवावी, एवढी त्याची विनंती मान्य झाली.

पहिल्या भेटीला ठकी उंच झालेली दिसली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ करून बसली. त्याने रंगांची पेटी मध्ये ठेवली. ती वळली नाही. त्याने सांगायला सुरुवात केली. फोन वेगळ्या गावचं घड्याळ बघत होता, म्हणून मी उशिरा आलो, आणि मग मी चुकीचं बटण दाबलं. वाक्य अर्धवट राहिलं. काचेपलीकडे मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

मग तो नुसता बसून राहिला. बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी येतील असा. एकदा तिने खोकल्यासारखं केलं. त्याने पाण्याची बाटली तिच्या बाजूला सरकवली. ती तिने घेतली नाही.

वेळ संपल्यावर आई दारात आली. ठकी उठली, त्याच्याजवळून गेली आणि जिना उतरली.

खाली येऊन त्याने ताईला फोन लावला.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"काही नाही. एक शब्द नाही."

पलीकडे ताईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"पण मॅडमनी दोनदा आत येऊन विचारलं तिला, लवकर जायचंय का म्हणून," तो म्हणाला. "दोन्ही वेळा तिने मानेने नाही म्हटलं."