मशीनमधली धार

बारामतीच्या स्कॅन सेंटरमधल्या त्या एमआरआयवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना घेऊन काटेवाडीहून चार वेळा गेलो. ती खोली गारठलेली असायची, म्हणून तो आधी स्वतःचे हात चोळून गरम करायचा, मगच पेशंटला हात लावायचा. स्कॅनमध्ये काय दिसलं असं विचारलं, की त्याचं एकच उत्तर असायचं, "त्ये डॉक्टर सांगतील."

आबांच्या मेंदूत गाठ होती, उजवा हात चालवणाऱ्या भागाला अगदी लागून. ऑपरेशनआधी तो भाग नेमका कुठं आहे हे स्कॅनमध्ये दिसायला हवं होतं. त्यासाठी मशीनमध्ये निजून, डोकं न हलवता, सांगतील तेव्हा फक्त उजव्या हाताची बोटं हलवायची. आबा घाबरून अख्खा हातच हलवायचे, त्याबरोबर डोकंही हलायचं. दोन वेळा स्कॅन वाया गेला.

मी आबांवर चिडलो. तो चिडला नाही. माईकवर म्हणाला, "आबा, बोटांचं ऱ्हाऊ द्या. म्हशीची धार काढा. डोकं हाललं तर म्हस लात मारंल."

काचेपलीकडं आबांची बोटं एका लयीत चालू लागली. तो "थांबा" म्हणाला की थांबतही होती.

ऑपरेशननंतर पुन्हा स्कॅनला गेलो. त्यानं कागद बघितलेच नाहीत. हात चोळले, आबांपुढं दोन बोटं धरली आणि म्हणाला, "काढा धार."

आबांनी उजव्या हातानं ती अशी आवळली की तो कळवळला. मग माझ्याकडं वळून, मी काही विचारायच्या आत म्हणाला, "हात शाबूत हाय."