काणी गाडी आणि ईटची सोयरीक

परवाच्या रविवारी आमच्या गाडीचा एक डोळा गेला… आणि तोही नेमका पुतण्यासाठी मुलगी बघायला निघताना.

आमचा सूरज शेती करतो. पोरगं गुणाचं, पण "नोकरी न्हाय व्हय?" एवढ्यावरच दोन-चार ठिकाणांहून नकार आलेला. ईट गावच्या मंडळींनी "या" म्हटलं होतं, म्हणून घरात सगळे जपूनच बोलत होते.

मी सवयीनं दिवे लावून बघितले, तर उजवा बंद. माझी आत्या समोरच उभी… "काण्या गाडीनं सोयरिकीला जायचं न्हाय." म्हटलं, दिवसाढवळ्या दिवा कशाला लागतोय? "ते मला सांगू नको बाळू. एका डोळ्यानं सून बघायला निघालाव व्हय?"

येरमाळ्यात माझं पाइप-मोटारीचं दुकान, पण गाडीचा बल्ब रविवारी कोण देणार… शेवटी दुकानाच्या टेम्पोचा काढला. काचेला बोट लागू नये म्हणून पाव्हण्यांसाठी घेतलेल्या कोऱ्या टॉवेलात धरून, बोटं सोलून घेत बसवला. दोन्ही दिवे लागले. लगेच आत्याचा हुकूम, "आता चालूच ठेव. लोकांना दिसू दे."

ईटला दार उघडून उतरताना गाडी पीं पीं करत होती, पण आत्या त्याहून मोठ्यानं सूचना देत होती.

पोहे झाले, चहा झाला… सूरजनं मान काही वर केली नाही. मुलीनंच विचारलं, "यंदा काय पेरलंय?" हा म्हणाला, "सोयाबीन." संपलं. मला वाटलं, गेलं हेही ठिकाण.

निघायला चावी फिरवली तर गाडी गप्प. दिवे तसेच चालू राहून बॅटरी उतरलेली… मुलीचे आजोबा ओट्यावरून म्हणाले, "सोयरीक ठरली न्हाय अजून, अन् आत्ताच पाव्हण्यांना धक्के मारून काढायचं म्हणजे…"

सगळे हसले. मुलीनं पदर खोचला आणि सूरजच्या शेजारी गाडीला मागून हात लावला. आत्या काही उतरली नाही, मागच्या सीटवर देवीसारखी बसून राहिली.

माझे कान पहिल्यापासून तिखट. गिऱ्हाईक दुकानाबाहेर बायकोशी काय कुजबुजतं, तेही मला गल्ल्यावर ऐकू येतं. खिडकी उघडीच होती…

"ढकलताय का नुसता हात लावलाय?"

"नुसता लावलाय," सूरज म्हणाला. "गाडी लगेच चालू झाली तर जावं लागंल."

मग पोरगी अशी हसली… आणि आमचं मुकं पोरगं बोलायला लागलं. विहीर, म्हशी, काय काय.

गाडीला वेग आला होता. गिअर टाकलेला, क्लच सोडला की काम झालं असतं. मी काही सोडला नाही. "अजून थोडं," म्हणत राहिलो. गल्ली संपली, पार मागं पडला…

तेवढ्यात मागून आत्या हळूच म्हणाली, "सोड आता, बाळू. लई दमली पोरं."

काल ईटहून होकार आला. टेम्पो अजून काणाच फिरतोय, पण माझे कान कुणावर गेलेत, ते मात्र या वयात कळलं.